जपानच्या काकांची गाणी



गाण्यांच्या या सदरात आजवर आम्ही बहुतेक करून आपल्याच गाण्यांविषयी लिहिलं. या खेपेला जरा लांब जाऊ या, जपानला. जपान म्हटलं की आपल्या पिढीला आठवतो तो १९६६ सालचा 'लव्ह इन टोकियो' आणि त्यातलं लताबाईंनी म्हटलेलं सायोनारा. गाणं गोडच होतं, पण ते मुंबईचं गाणं. खुद्द जपानी माणूस, तोही पन्नाशीतला, दिवसभर कचेरीत नाहीतर कारखान्यात मान खाली घालून राबलेला, रात्री डोळे मिटून काय गातो, हे आम्हांला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा वाटलं, अरेच्चा, हे दुखणं तर आपल्या ओळखीचं आहे.

मुलांनो, आधी एक जपानी शब्द शिकून घ्या. 'ओजिसान'. म्हणजे काका. आपण जसं रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही "अहो काका" म्हणून हाक मारतो, तसंच जपानी लोक मध्यम वयाच्या कुठल्याही पुरुषाला ओजिसान म्हणतात. आणि 'जि' जरा लांबवून 'ओजीसान' म्हटलंत तर त्याचा अर्थ होतो आजोबा! तेव्हा जपानला गेलात तर जपून बोला. चाळिशीच्या माणसाला आजोबा केलंत तर तो बोलणार काही नाही, पण घरी जाऊन आरशात बघेल.

या ओजिसान लोकांचं जे लाडकं गाणं, त्याला म्हणतात 'एन्का'.

एन्का हा शब्द जुना आहे. १८८० च्या सुमारास जपानात लोकांना हक्क मिळावेत म्हणून चळवळ चालली होती. सरकारने भाषणांवर बंधनं घातली. मग त्या लोकांनी काय केलं, तर भाषणच गाण्यात घातलं आणि रस्त्यावर उभं राहून गायला सुरुवात केली. भाषणाचं गाणं, म्हणून एन्का. पुढे राजकारण त्यातून हळूहळू निघून गेलं. मागे राहिलं ते दुःख. ताटातूट, गावची आठवण, बंदर, पाऊस, बर्फ, दारूचा पेला आणि आई. १९७० च्या आगेमागे या दुःखाच्या गाण्यांना सगळेच एन्का म्हणू लागले.

आता आपल्यातल्या जाणकारांसाठी दोन शब्द सुरांविषयी. एन्काचे सूर बहुतेक पाचच असतात. त्यांच्या पद्धतीत सातांतला चौथा आणि सातवा सूर गाळतात, आणि नावही तसंच सरळ आहे, 'योनानुकी', म्हणजे चार-सात वगळून. सा रे ग प ध. पेटी वाजवणाऱ्यांनी लगेच ओळखलं असेल, हा तर आपला भूप! आणि दुःखाची गाणी असतात त्यांत गंधार आणि धैवत कोमल होतात. म्हणजे शिवरंजनीच्या शेजारचंच घर, धैवत तेवढा कोमल. म्हणून आपल्या कानाला हे गाणं परकं वाटत नाही. शब्द एक कळत नाही, पण सूर ओळखीचे वाटतात. शिवाय ते लोक गाताना गळ्यात एक छोटीशी गिरकी घेतात. त्याला 'कोबुशी' म्हणतात. आपली मुरकीच समजा. आवंढा गिळताना आवाज जसा हलतो ना, तसा तो हलतो.

पण हे ओजिसान रडतात कशासाठी? त्याचं उत्तर एका आगगाडीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान उद्ध्वस्त झाला होता. शहरांत कारखाने उभे राहू लागले, हात कमी पडू लागले. उत्तरेकडच्या खेड्यांत मात्र शेती थोडी, थंडी फार आणि घरात पोरं पुष्कळ. मग १९५४ साली उत्तरेकडच्या आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्टेशनपर्यंत एक खास गाडी सोडली. तिच्यात बसली होती शाळा नुकती संपवलेली मुलं-मुली. वय किती? पंधरा वर्षांचं! ती सगळी एकदम नोकरीला निघाली होती. एकवीस तासांचा प्रवास. फलाटावर आया उभ्या, आत पोरं, हातात एक बोचकं. अशा गाड्या दर वसंतात निघत राहिल्या त्या थेट १९७५ पर्यंत. मालक लोक या मुलांना 'सोन्याची अंडी' म्हणत. नाव छान आहे, पण अंड्याला कोणी विचारतं का की तुला घरी जायचंय का?

१९६४ साली त्यांच्यावर एक गाणं आलं, 'आआ उएनो एकी', म्हणजे 'अहाहा, उएनो स्टेशन'. गाणारा इझावा हाचिरो स्वतः आओमोरी प्रांतातलाच. गाण्यात काही मोठं तत्त्वज्ञान नाही. दुकानात कामाला लागलेला पोरगा उएनो स्टेशनाकडे बघून म्हणतो की माझ्या जिवाचं स्टेशन हेच. कारण गावची गाडी इथेच येते. गावच्या बोलीचे चार शब्द कानावर पडायचे तर ते इथेच पडणार. २००३ साली त्या स्टेशनाबाहेर या गाण्याचं स्मारक बसवलं, आणि २०१३ साली तिथल्या फलाटावर गाडी सुटताना याच गाण्याची धून वाजू लागली. स्मारकं आपण राजांची आणि सेनापतींची पाहिली आहेत. इथे नोकरीला आलेल्या पोरांच्या गाण्याला स्मारक मिळालं.

आता हिशोब करा. १९६० साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा १९९० साली पंचेचाळीस वर्षांचा झाला. तोच आपला ओजिसान. टाय लावतो, बायको-मुलं आहेत, घराचे हप्ते आहेत. घरी कमी बोलतो. पुरुषाने रडायचं नसतं असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण ते पंधरा वर्षांचं पोर फलाटावरून अजून पुरतं उतरलेलंच नाही. एन्का लागलं की ते पोर डोळे पुसतं.

अशाच एका माणसाचं गाणं म्हणजे 'किटागुनी नो हारु', उत्तरेचा वसंत. १९७७ साली सेन मासाओ याने ते गायलं, चाल एन्दो मिनोरु यांची. सेन मासाओ उत्तरेच्या इवाते प्रांतातला. शाळा अर्धी टाकून हा पोरगा टोकियोला एन्दोंच्या दारी शिष्य व्हायला गेला होता. गाण्यातला माणूस शहरात राहतो. शहरात ऋतू कळत नाही, पण आईकडून एक लहानसं पार्सल येतं आणि त्याला कळतं की गावाकडे वसंत आला असणार. मग तो घरच्यांविषयी विचार करतो. वडील आणि थोरला भाऊ, दोघेही अबोल. कधीतरी एकमेकांसमोर बसून पेला घेत असतील का? बस, एवढंच. जावं का परत गावाला, असं तो स्वतःला विचारतो आणि गाणं संपतं. जातो की नाही, ते गाण्यात नाही.

हे गाणं आल्या आल्या गाजलं नाही. हळूहळू, तोंडातोंडी पसरलं आणि मग लाखांनी खपलं. चीनमध्ये गेलं, आग्नेय आशियात गेलं, तिथल्या भाषांत गेलं. गाव सोडलेला माणूस कुठे नाही? सेन मासाओचं स्वतःचं गाव रिकुझेनताकाता २०११ च्या मार्चमधल्या त्सुनामीत जवळजवळ वाहून गेलं. परत जायचं म्हटलं तरी काही वेळा गावच जागेवर नसतं. आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. अलिबाग-पेणकडची कितीतरी घरं आता फक्त आपल्या डोक्यातच उभी आहेत.

सगळीच गाणी आईची आणि गावाची नसतात. १९७९ साली याशिरो आकी नावाच्या बाईंनी 'फुनाउता' म्हटलं, म्हणजे नावेचं गाणं. बाईंचा आवाज जाडसर, जरा घोगरा, पण गाणं एका पुरुषाचं. बंदरावरच्या लहानशा गुत्त्यात तो एकटा बसलाय आणि त्याच्या मागण्या अगदी साध्या. दारू जरा कोमट हवी, सोबत भाजलेली माकूल असली की झालं. दिवा अंधूक चालेल, बाई अबोल चालेल. पुरुषांच्या मनातलं हे बाईंना कसं कळलं देव जाणे, पण जपानभरचे ओजिसान या गाण्यावर जीव टाकतात. (माकूल आपल्याला काशेर नाही हे आम्हांला ठाऊक आहे, पत्रं पाठवू नयेत. गाणं काशेर आहे.) याशिरोबाई २०२३ च्या डिसेंबरात वारल्या, तेव्हा किती काकांनी त्या रात्री हे गाणं लावलं असेल!

बरं, हे ओजिसान गातात कुठे? त्यालाही एक गोष्ट आहे, मुलांना आवडेल अशी. कोबे शहरात इनोउए दाइसुके नावाचा एक वादक होता. बारमध्ये गिऱ्हाइकं गात आणि हा मागे साथ करी. एका कंपनीचे मालक त्याच्या साथीवर फार खूश. ते तालात कच्चे होते, आणि इनोउए त्यांना बरोबर सांभाळून घेई. एकदा ते सहलीला निघाले आणि म्हणाले, चल माझ्याबरोबर. याला जमेना. मग याने नुसती साथच टेपवर भरून दिली. साहेब सहलीत टेपवर गाऊन आले, भलतेच खूश! यावरून इनोउएला कल्पना सुचली आणि १९७१ साली त्याने नाणं टाकलं की साथ वाजवणारी यंत्रं बनवून बारमध्ये ठेवली. तसं यंत्र टोकियोच्या नेगिशी शिगेइची यांनी १९६७ सालीच केलं होतं, म्हणून पहिला कोण याचा वाद आहे. पण नाव सगळ्या जगाला माहीत झालं, 'काराओके'. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. रिकामा ऑर्केस्ट्रा! इनोउएने त्याचं पेटंट कधी घेतलंच नाही. २००४ साली त्याला विनोदी नोबेल मिळालं, तेही शांततेचं. कारण काय दिलं, तर लोकांना एकमेकांना सहन करायला शिकायची नवी वाट दिली म्हणून.

आपण हसतो, पण त्या यंत्राने मोठं काम केलं. जो माणूस घरी "मला आईची आठवण येते" असं म्हणू शकत नव्हता, तो आता माइक हातात घेऊन तेच म्हणू लागला. गाणं दुसऱ्याचं, म्हणून लाज नाही. डोळे भरले तर म्हणायचं, गाणंच तसं आहे.

आईची गाणी तर एन्कात पुष्कळ, पण सगळ्यांत नावाजलेलं 'ओफुकुरोसान', १९७१ सालचं, मोरि शिनइची यांचं. 'ओफुकुरो' म्हणजे आई, पण हा लहान मुलाचा शब्द नव्हे. वाढलेला पुरुष आपल्या म्हाताऱ्या आईबद्दल मायेने बोलतो तेव्हा हा शब्द येतो. मोरि हे गाणं गाताना पाठीत वाकतात, चेहरा पिळवटतो, आवाज फाटतो. पस्तीस वर्षं त्यांनी ते गायलं. मग २००७ साली भलतंच झालं. गाण्याच्या सुरुवातीला ते काही वाढीव ओळी बोलून दाखवत, त्या दुसऱ्या कोणी लिहिलेल्या. मूळ कवी कावाउचि कोहान म्हाताऱ्या वयात खवळले. म्हणाले, मला न विचारता माझ्या गाण्याला ठिगळ लावलंत, यापुढे माझी गाणी गायची नाहीत! मोरि माफी मागायला गेले, पण भेट काही झाली नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये कावाउचि वारले. त्यानंतर त्यांच्या घरच्यांशी समेट झाला आणि मूळ होतं तसंच गाणं गायची मुभा मिळाली. आईवरचं गाणं, त्यावरून दोन मोठी माणसं भांडली, आणि समेट झाला तेव्हा त्यांतला एक राहिला नव्हता. आपल्याही घरांत हे घडतं, म्हणून लिहिलं. बोलायचं ते वेळेवर बोलून घ्यावं.

जपानात ३१ डिसेंबरच्या रात्री सार्वजनिक वाहिनीवर गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो, 'कोहाकु'. १९५१ पासून चालत आलेला. बायकांचा संघ लाल, पुरुषांचा पांढरा. सगळं घर एकत्र बसून बघतं. २००८ च्या त्या रात्री मोरि यांनी 'ओफुकुरोसान' पुन्हा गायलं. आणि त्याच रात्री, त्याच रंगमंचावर आणखी एक गायक आला. त्याची गोष्ट सांगण्यासाठीच खरं म्हणजे आम्ही हा लेख लिहायला घेतला.

त्याचं नाव जेरो. जेरोम चार्ल्स व्हाइट, जन्म १९८१, गाव अमेरिकेतलं पिट्सबर्ग. काळ्या वर्णाचा उंच मुलगा, डोक्यावर तिरकी टोपी, अंगात ढगळ कपडे. बघणाऱ्याला वाटावं की हा आता इंग्रजी रॅप म्हणणार. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं एन्का, कोबुशीसकट!

ही किमया कोणाची? आजीची. त्याच्या आईची आई जपानी. युद्धानंतर तिने एका काळ्या अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि ती त्याच्याबरोबर अमेरिकेला गेली. पिट्सबर्गमध्ये तिच्याशी जपानीत बोलणारं किती जण असणार? तिने गाणी जपून ठेवली. एन्का लावायची आणि ऐकायची. शेजारी पाच-सहा वर्षांचा नातू बसलेला. त्याला अर्थ कळत नव्हता, पण आजीला आवडतं म्हणून तो म्हणू लागला. हळूहळू भाषाही शिकला. कॉलेज संपवून २००३ साली जपानला गेला, तिथे इंग्रजी शिकवलं, मग कॉम्प्युटरची नोकरी धरली, पण गाणं सोडलं नाही. एक दिवस कोहाकुमध्ये गाईन, असं त्याने आजीला कबूल केलं होतं. २००५ साली आजी गेली. २००८ च्या फेब्रुवारीत त्याचं पहिलं गाणं आलं, 'उमियुकी', म्हणजे समुद्रावर पडणारा बर्फ. आल्याबरोबर ते विक्रीच्या यादीत चौथ्या नंबरवर गेलं. एन्काच्या नव्या गायकाला असं यश आधी मिळालं नव्हतं. आणि वर्ष संपता संपता तो कोहाकुच्या रंगमंचावर उभा राहिला. ऐकायला आजी नव्हती, पण शब्द पाळला.

पुढे दहा वर्षं गाऊन २०१८ साली त्याने गाणं थांबवलं आणि तो पुन्हा कॉम्प्युटरच्या नोकरीकडे वळला. काही लोक हळहळले. आम्हांला त्यात वाईट काही दिसत नाही. नातवाने जन्मभर गातच राहावं असं कुठे आहे? आजीचं जे होतं ते त्याच्याकडे पोचलं, हे महत्त्वाचं.

वाचकहो, आता आपल्याकडे बघू या. आपण दिमोनाला आलो, अश्दोदला आलो, लोद-रामलेला आलो. कोणी विशीत, कोणी आईच्या कडेवर. आपले पुरुषही त्या ओजिसानसारखेच. दिवसभर कारखान्यात राबले, घरी आले, जेवले, झोपले. काय मागे राहिलं ते कोणाजवळ बोलले नाहीत. पण शब्बाथच्या संध्याकाळी किंवा मलिद्याच्या दिवशी म्हातारे आजोबा एखादं मराठी गाणं, एलियाहू हन्नाबीचं, नाहीतर जुन्या कीर्तनातलं एखादं पद गुणगुणायला लागले, की त्यांचा आवाज मध्येच का थांबतो, हे आता कळेल.

नातवंडांना मराठी येत नाही अशी तक्रार आम्ही दर बैठकीत ऐकतो. पिट्सबर्गच्या त्या नातवाला तरी कुठे जपानी येत होतं? आजीने त्याला व्याकरण शिकवलं नाही. ती गाणं लावत गेली आणि तो शेजारी बसत गेला, बस.

तेव्हा मुलांनो, तुमच्यासाठी घरचा अभ्यास. येत्या शब्बाथला आजी-आजोबांशेजारी बसा आणि विचारा, "तुमच्या लहानपणचं एक गाणं सांगा." त्यांनी म्हटलं की तुम्हीही म्हणा. देवनागरी येत नसेल तर हिब्रू अक्षरांत लिहून घ्या, चालेल. अर्थ विचारा. कोणाकडून शिकलात, कुठल्या गावी, तेही विचारा. आजोबा म्हणतील, "जाऊ दे रे, मला नाही आठवत." ऐकू नका. सगळे ओजिसान आधी असंच म्हणतात.

आणि आजी-आजोबांनो, गाताना आवाज दाटून आला तर थांबू नका, नातवंडांसमोर लाजूही नका. अगदीच कोणी विचारलं, तर म्हणा, गाणंच तसं आहे.

पुढच्या अंकात पुन्हा भेटू. तोवर, शालोम.